फान्टॉफ्टचे लाकडी चर्च

बर्गेन, नॉर्वे, 6 जून

संध्याकाळी काम आटोपल्यावर ट्रामने फान्टॉफ्टला गेलो आणि झाडीतली चढण चढून स्टाव्ह चर्चपाशी, म्हणजे उभ्या खांबांच्या लाकडी चर्चपाशी, पोहोचलो. 1992 साली याच तारखेला, भल्या पहाटे, ते कोणीतरी पेटवून दिले होते. आज दार बंद झालेले होते, म्हणून बाहेरूनच एक फेरी मारली.

मूळ चर्च इथले नव्हेच. साधारण 1150 च्या सुमारास सोग्न भागातल्या फोर्तुन या खेड्यात ते उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात गावाने नवे चर्च बांधले आणि जुने पाडले जाणार असे दिसू लागले, तेव्हा फ्रेडरिक गाडे या गृहस्थांनी ते विकत घेतले आणि 1883 मध्ये सुटे करून इथे आणवले. पाडापाडीतून एवढ्या मायेने वाचवलेली वास्तू पुढे एका पहाटेत राख व्हावी, याची हळहळ काही केल्या मनातून जात नाही.

स्टाव्ह म्हणजे उभा खांब. दगडी जोत्यावर आडव्या तुळया ठेवून त्यांवर हे खांब उभे करतात; ते जमिनीत पुरलेले नसल्यामुळे त्यांच्या बुडाला ओल धरत नाही. भिंतीच्या उभ्या फळ्या एकमेकींच्या खाचांत बसवतात आणि बाहेरून पाइनच्या लाकडातून काढलेले डांबर दर काही वर्षांनी फासतात. बर्गेनचा पाऊस आमच्या कोकणासारखाच, फक्त तो वर्षभर चालतो. अशा हवेत लाकूड शतकानुशतके टिकले ते या काळजीमुळे. मात्र तेच सुकलेले, डांबर मुरलेले लाकूड आणि छपरापर्यंत उंच, मोकळा मधला भाग यांमुळे एकदा ठिणगी पडली की सारी वास्तू धुराड्यासारखी आग वर ओढून घेते.

आज उभे आहे ते 1997 मध्ये पुरे झालेले नवे बांधकाम. त्याला नुसती नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण जळालेल्या चर्चवरची ड्रॅगनची तोंडेसुद्धा 1883 च्या वेळी बोर्गुंड इथल्या दुसऱ्या जुन्या स्टाव्ह चर्चवरून घेतलेली होती. आणि सुतारांनी हे खांब पुन्हा घडवले नसते, तर इथे उरली असती ती फक्त काळी जागा. तरीही बाराव्या शतकातल्या माणसांच्या हातचे ते खांब गेले ते गेलेच. नॉर्वेत मध्ययुगीन स्टाव्ह चर्च आता 28 उरली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाभोवती आगीचा पहारा असावा असे मला मनापासून वाटते.

निघताना दक्षिणेकडच्या भिंतीला तळवा टेकवला. दिवसभराच्या उन्हाने डांबर मऊ झाले होते आणि त्याला धुरकट, गोडसर वास येत होता. फळीच्या एका उभ्या चिरेत ते थेंबाथेंबाने साचून काळ्या मण्यांसारखे चमकत होते. घरी आल्यावर दोनदा साबणाने हात धुतले, पण अंगठ्याला तो वास अजून आहे.