बीट, चक्का आणि फोडणी

रविवार, रात्र

श्रीखंडासाठी काल दही टांगून ठेवलं होतं. सकाळी लेकीने फर्मान काढलं, गोड नको, पोळीला लावून खायला काहीतरी तिखट कर. अर्ध्या किलो दह्याचा पाव किलोच्या आसपास चक्का निघाला होता आणि फ्रीजमध्ये बीटं पडून होती.

बीटं न सोलता, शेपटी तशीच ठेवून, बोटभर देठासकट कुकरला लावली. चिरून शिजवली की अर्धा रंग पाण्यात जातो. आपली नेहमीची कोशिंबीर मला त्या पाण्यामुळेच आवडत नाही. पानात वाढेपर्यंत गुलाबी ओघळ भाताखाली शिरलेला असतो. चक्क्यात हा प्रश्न येत नाही, फक्त बीट पूर्ण गार होऊ द्यायचं, किसायचं आणि हलक्या हाताने पिळायचं. पिळलेलं पाणी कणकेत घातलं. मिक्सर मुद्दामच काढला नाही. गुळगुळीत झालं की ते बाळाच्या खिमटीसारखं लागतं, दाताखाली थोडं यायला हवं.

बीटाला मातीचा वास येतो तो जिओस्मिनमुळे. पहिल्या पावसानंतर अंगणात दरवळतं त्यातही हेच द्रव्य असतं. तिथे खोल श्वास घेणारी माणसं बीट पाहून नाक मुरडतात! आंबटाने हा वास मंदावतो, म्हणून दह्याच्या जोडीला थोडं लिंबूही पिळलं.

लसूण, हिरवी मिरची आणि भाजलेलं जिरं खलबत्त्यात कुटून घातलं. वरून मोहरी, हिंग आणि सुक्या मिरचीची फोडणी, जराशी निववून. मीठ अगदी शेवटी.

"अगं, दाण्याचं कूट राहिलं की," सासूबाई म्हणाल्या.

"यात नको, आई."

त्यांनी आपल्या वाटीत घेतलंच.

इराणात शिजवलेलं बीट आणि घट्ट दही यांची बोरानी करतात, वर सुका पुदिना चुरतात. फोडणी घालण्याआधी थोडं बाजूला काढून त्यावर पुदिना घालून पाहिला. फारच छान लागला. पण हिंगाच्या फोडणीबरोबर पुदिना नको, दोन्ही आपलंच खरं करतात.

उरलेलं उद्या लेकीच्या डब्यात. बीट खाल्ल्यावर काहींना लघवी लाल होते, तशी दिसली तर शाळेतून घाबरून फोन करू नकोस, हेही सांगून ठेवलं आहे.