मसाई पठार: फुलं बघायला जाताय तर फुटपट्टी न्या

दरवर्षी सप्टेंबर आला की ग्रुपवर "यंदा कास" सुरू होतं आणि बुकिंगवरनं फाटे फुटून प्लॅन बोंबलतो, म्हणून यावेळी म्हटलं राहू दे सातारा, आपलं घरचं पठार पन्हाळ्याच्या मागं पडलंय तेच बघू. रविवारी सहाला कोल्हापूर सोडलं, वाघबीळला चहा मारला आणि पन्हाळ्यावरनं म्हाळुंग्याच्या बाजूनं आठच्या आत वर. धुकं एवढं की पाच पावलांवरचा माणूस दिसेना.

आता उंचीचं बघा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळा ९७५ च्या घरात आणि मसाई साधारण त्याच अंगाचं. चारशे मीटरचाच फरक, पण तेवढ्यात ढग अडतो, गारवा येतो, शहरात ऊन असताना वर भुरभुर चालू असते. मला विचाराल तर उंचीचं काम एवढंच, पाणी आणून देणं. पुढं कुठं काय उगवायचं ते माती ठरवते, आणि माती म्हणजे तिची जाडी.

हे मला कळलं ते पोरीच्या कंपासमधल्या सहा इंची पट्टीमुळं, जी खिशात राहिली होती (रात्री तिचा प्रोजेक्ट मीच करत बसलेलो). एका ओघळानं काठ आयता कापलेला होता, तिथं पट्टी लावली, उकरायचं कामच नाही. उघड्या जांभा दगडावर नुसतं शेवाळ नि दगडफूल. त्याला चिकटून जिथं जेमतेम दीड सेंटीमीटर माती आणि वर पाण्याचा पातळ थर, तिथं सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली आणि मधेमधे गेंद, पांढऱ्या टाचण्या टोचल्यासारखा. पाच-सहा सेंटीमीटर झाली की पिवळा कवला, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात, आणि तेरडा. आणि पट्टी पुरेना एवढी माती जिथं, तिथं गुडघाभर गवत, फुलं जवळजवळ गायब! गवतानं सगळा उजेड खाल्लेला. म्हणजे माती वाढली की फुलं वाढायला पाहिजेत हा आपला शेतीवाला हिशोब इथं उलटा पडतो, आणि हे सगळं दहा-बारा पावलांत.

जांभा म्हणजे पावसानं धुऊन धुऊन उरलेला लोखंड-अॅल्युमिनियमचा दगड, त्यावरच्या मातीत नायट्रोजन नावाला. म्हणून सीतेची आसवं चिखलात बारीक फुगे ठेवून त्यात सूक्ष्म जीव ओढून घेतात आणि दवबिंदू नावाचं रोपटं पानांवरच्या चिकट थेंबांवर किडे धरतं. एवढी नाजूक दिसणारी फुलं, पोट भरायला शिकार करतात. आणि वेळ पण कमी, पाऊस सरला की हा दगड तापतो, त्यामुळं बहुतेकांना चार महिन्यांत बी धरून मोकळं व्हायचं असतं, नाहीतर दीपकाडीसारखं कंद धरून खाली दडायचं.

जाणार असाल तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, जुलैत नुसतं धुकं आणि पावनखिंडीच्या ट्रेकवाल्यांची रांग. भिंग न्या, गेंद नि आसवं त्याशिवाय कळतच नाहीत. पाणी, खाणं खालूनच. बूट ग्रिपवाले, मी जुने घासलेले घालून गेलो आणि शेवाळावर असा आपटलो की कोपर अजून दुखतंय. म्हसरं घेऊन चाललेले एक मामा हसून म्हणाले, "पावणं, काळ्या दगडावर पाय देऊ नगा, पायवाटंनं जावा की." धुक्यात कड्याकडं फिरकूच नका, पठार सपाट आहे म्हणून दिशेचा पत्ता लागत नाही. आणि गाडी पठारावर घालू नका राव, २०२२ मध्ये हे संवर्धन राखीव क्षेत्र झालंय तरी चाकांच्या चाकोऱ्या दिसल्या, दीड सेंटीमीटर मातीवर चाक गेलं की खाली सरळ दगडच लागतो.

अकराला धुकं फाटलं, फोटो काढले, पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाल्ली आणि दोनला घरी. पट्टीच्या आकड्यांत लाल माती बसलेली, पोरगीनं ती हातात पण घेतली नाही, नवीन आणून द्यावी लागली.