आमची वाटचाल : विहिरीच्या मोटारीपासून गाडीच्या सेल्फपर्यंत

लातूरमध्ये बार्शी रस्त्यालगत असलेल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आज चारचाकी गाड्यांचे सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटार, आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर यांचेच काम चालते. परंतु या व्यवसायाचे मूळ माझ्या वडिलांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात आहे. कमी दाबाच्या विजेवर चालून जळालेल्या विहिरीवरच्या मोटारी शेतकरी आमच्या दारात आणून टाकत आणि आम्ही त्यांना नवी तार भरून देत असू. २०१२ च्या पावसाळ्याने दगा दिल्यापासून विहिरी आटत गेल्या आणि २०१६ मध्ये तर आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या मोटारीला उपसायला पाणीच नाही, ती जळणार कशी आणि दुरुस्तीला येणार कशी? हाती असलेली तारेची आणि आर्मेचरची, म्हणजे मोटारीच्या आत फिरणाऱ्या तार गुंडाळलेल्या भागाची, जाण गाडीच्या कामाला लावावी, हा निर्णय आम्ही त्या वर्षांत घेतला.

सुरुवातीच्या काळात आमच्या हातून एक चूक झाली. औसा तालुक्यातील एका गुरुजींची गाडी किल्ली फिरवली की केवळ कटकट आवाज करत होती. सेल्फ गेला, असे निदान करून आम्ही ६,५०० रुपयांचा नवा सेल्फ बसवला आणि आठ दिवसांत गाडी त्याच तक्रारीसह परत आली. दोष होता इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. तिच्या बोल्टखाली गंज चढल्याने सेल्फला पुरेसा करंटच मिळत नव्हता. पट्टी घासून घट्ट केल्यावर गुरुजींचा जुना सेल्फही व्यवस्थित फिरला. आम्ही तो परत बसवला आणि मजुरीसह सर्व पैसे परत केले, पण वडील त्या दिवशी जे बोलले ते मला अधिक लागले : "विहिरीवर गेल्यावर आपण आधी लाइन तपासायचो, मग मोटारीला हात लावायचो. इथं ते कसं विसरलास?"

तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय आम्ही सेल्फ खोलत नाही. चांगली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते; सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर प्रथम संशय बॅटरीवर घ्यावा लागतो, आणि लातूरच्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी लवकर उडत असल्याने मे महिन्यात असे प्रसंग वारंवार येतात. बॅटरी भरलेली असताना सेल्फ मारताना केबलच्या दोन टोकांत अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली, तर दोष जोडणीत असतो. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि तिचे आम्ही पैसे घेत नाही.

दोष सेल्फमध्येच निघाला तरी तो संपूर्ण बदलावा लागतोच असे नाही. कार्बन (आर्मेचरला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) आणि बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) झिजले असतील तर आमच्याकडे खर्च हजार रुपयांच्या आसपास राहतो. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) किंवा बेंडिक्स (सेल्फचे इंजिनाला फिरवणारे दातेरी चाक) बदलायचे झाल्यास तो दोन-अडीच हजारांपर्यंत जातो. आर्मेचर जळले असेल तर मात्र मी स्वतः नवा सेल्फ घेण्याचा सल्ला देतो, कारण गाडीचा सेल्फ काही सेकंदांत शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि तिथे हाताने भरलेली तार कारखान्याच्या तोडीची टिकेल, याची हमी मला प्रामाणिकपणे देता येत नाही. लहान पेट्रोल गाडीचा नवा सेल्फ साधारण चार ते सात हजारांत मिळतो, मोठ्या डिझेल गाडीचा दहा हजारांच्याही पुढे जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने हा भार काहीसा हलका झाला. मजुरी गाडीनुसार बदलते : काही गाड्यांत दोन बोल्ट सोडले की सेल्फ हातात येतो, तर काहींत तो मॅनिफोल्डखाली, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या हवेच्या किंवा धुराच्या नळ्यांखाली, दडलेला असल्याने अर्धा दिवस जातो.

ग्राहकाला खरा फटका बसतो तो दुर्लक्षामुळे. किल्ली फिरवताना खरखर येत असूनही गाडी महिनोन् महिने तशीच वापरली, तर बेंडिक्सचे दाते फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेवरील दातेरी रिंग गिअरला खातात आणि मग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज उरत नाही. दोन हजारांत आटोपणारे काम अशा वेळी कित्येक पटींनी महागते आणि ते बिल लिहिताना मलाही वाईट वाटते.

आता आमच्याकडे चार जण काम करतात. खर्चाचा अंदाज मराठीत लिहून ग्राहकाची सही झाल्यावरच काम सुरू होते आणि काढलेला जुना भाग त्याच्या हाती दिला जातो. गुरुजींची गाडी अजूनही आमच्याकडेच येते. गेल्या दिवाळीत त्यांच्या त्या जुन्या सेल्फचे कार्बन संपले होते. बिल झाले नऊशे रुपये.