तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांना त्या आडावर का नेतो?

"लंडन झालं, राणीचा वाडा झाला, आता कुठल्या खेड्यात घेऊन चाललायस बाबा?" इंग्लंडात, लंडनजवळच्या रेडिंगला राहायला आल्यापासून आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने हे विचारलंय, कुणी तोंडावर, कुणी मागच्या सीटवरून हळूच. परवा एका मित्राने फोनच केला. "त्या स्टोक रोमध्ये आहे तरी काय? तुझ्याकडे जो येतो तो तिथला एक सोनेरी हत्ती फोटोत घेऊन परत येतो." तर आता एकदाच लिहून ठेवतो.

तिथे एक आड आहे. विहीरही म्हणता येईल, पण पायऱ्या नाहीत, मोट नाही. जेमतेम चार फूट रुंद आणि सरळ खाली गेलेला, म्हणजे आपल्या भाषेत आडच. खोली ३६८ फूट. कुतुबमिनार उलटा करून आत सोडला तर खाली आणखी अर्धा मिनार मावेल. माझी मावशी माण तालुक्यातली. तिला फुटांचा हिशोब कळत नाही, म्हणून मी परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात सांगितलं. साठ परसांहून जास्त. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आडाकडे, आणि म्हणाली, "थापा मारू नको."

स्टोक रो हे ऑक्सफर्डशरमधलं, चिल्टर्न डोंगररांगेवरचं, साडेसहाशेच्या आसपास वस्तीचं गाव. हेन्लीपासून आठेक किलोमीटर. भोवती बीच नावाच्या झाडांची दाट जंगलं. या लाकडाचे खुर्च्यांचे पाय आणि तंबूचे खुंटे करून इथल्या कित्येक घरांनी पोट भरलं. १८४०च्या दशकातलं एक छोटं चर्च आहे, गारगोटीसारख्या चकमकीच्या दगडांचं. गावाबाहेर 'क्रुकेड बिलेट' नावाचा जुना पब आहे. तिथे केट विन्स्लेटच्या पहिल्या लग्नाची मेजवानी झाली होती, हे सांगितलं की गाडीतली तरुण मंडळी जरा सरसावून बसतात. बाकी बघण्यासारखं फार नाही. गाडी लावायची, रस्ता ओलांडायचा की समोर आडच. गावठी इंग्रजी घरांच्या मधोमध लोखंडी खांबांवर उभा राहिलेला घुमट, तपकिरी-लाल आणि सोनेरी रंगाचा. घुमटाखाली पाणी ओढायचं यंत्र आणि त्या यंत्रावर उभा तो हत्ती. वर इंग्रजीत गोलाकार लिहिलंय की ही विहीर हिंदुस्थानातल्या बनारसच्या महाराजांनी दिली.

इथे सगळ्यांचा एकच प्रश्न: इंग्लंडात पाण्याची टंचाई? रोज तर पाऊस पडतो!

पडतो, पण राहत नाही. चिल्टर्नचा डोंगर खडूचा आहे, शाळेतल्या फळ्यावरचा तो खडू. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी सहज आत घेत नाही, सगळं वाहून जातं. खडूचं उलटं. तो पडेल तेवढं पितो आणि पार पायथ्याच्या पातळीपर्यंत खाली सोडून देतो. वर ओढा नाही, झरा नाही. म्हणजे माणचा दुष्काळ पावसाविना आणि स्टोक रोचा पावसात भिजत. गावकरी डबक्यांचं आणि विटांसाठी माती काढून सोडून दिलेल्या खड्ड्यांचं गढूळ पाणी वापरायचे. कडक उन्हाळ्यात एका घरात स्वयंपाकाला वापरलेलं पाणी शेजारच्या घरी स्वयंपाकाला जायचं. हे सांगितल्यावर मावशी "थापा मारू नको" म्हणाली नाही. नुसती मान हलवली.

याच भागातल्या इप्स्डेन गावच्या घराण्यातले एडवर्ड अँडर्डन रीड कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होते. १८३१ मध्ये त्यांनी आझमगढला लोकांसाठी एक विहीर खोदवून घेतली. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांची मैत्री जमली. बोलता बोलता त्यांनी आपल्या मुलखातली एक गोष्ट महाराजांना सांगितली असं म्हणतात. एका पोराने घरातलं शेवटचं घोटभर पाणी पिऊन टाकलं, म्हणून त्याच्या आईने त्याला बडवून काढलं होतं. १८५७च्या धामधुमीत रीड आग्र्यात होते. लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन तिथेच वारले, तेव्हा काही काळ त्यांचा कारभारही रीडनी पाहिला. १८६० मध्ये ते मायदेशी परतले. दोन वर्षांनी महाराजांनी कळवलं की तुमच्या मुलखात मला काहीतरी दान करायचंय. त्यांना ते पाण्यावाचून मार खाणारं पोर आठवलं होतं.

खणायला सुरुवात झाली १० मार्च १८६३ला, युवराजाच्या लग्नाच्या दिवशी. विहीर लोकांसाठी खुली झाली २४ मे १८६४ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी. मुहूर्त काढायची हौस त्यांनाही होती म्हणायची. खर्च आला ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स. यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या कारखान्यातलं. पण खोदाई हातानेच. चार फुटांच्या रुंदीत एका वेळी एकच माणूस मावणार. वरून सोडलेली बादली तो भरणार, ती वर जाणार, आणि ती परत येईपर्यंत तो अंधारात उभा. वरून दरड कोसळायची भीती, खाली कोंडलेली विषारी हवा. मला तर हत्तीपेक्षा तो माणूस जास्त आठवतो. त्याचं नाव मात्र घुमटावर नाही.

दानाची बाकीची मांडणी अगदी आपल्याकडच्या देवस्थानासारखी आहे. नुसती विहीर दिली तर देखभाल कोण करणार? म्हणून शेजारची चार एकर जमीन घेऊन तिथे चेरीची झाडं लावली. फळं विकायची, त्यावर विहिरीचा खर्च भागवायचा, पाणी फुकट. आपल्याकडे देवाला इनाम जमीन लावून देत, तसंच. बागेचं नाव 'ईश्वरी बाग', इंग्रज आजही ते आपल्या परीने उच्चारतात. बागेत महाराजांच्या राजचिन्हातल्या माशाच्या आकाराचं तळं आहे आणि शेजारी विहिरीची राखण करणाऱ्यासाठी अष्टकोनी छोटं घर. पुढेही महाराज या गावाला विसरले नाहीत. १८७१ मध्ये राजकन्या लुईसचं लग्न झालं तेव्हा त्यांनी पायवाट बांधून दिली. १८८२ मध्ये राणीवरचा हल्ला फसला तेव्हा गावाला पाव, चहा, साखर वाटली आणि जेवण घातलं. सरळ शब्दांत सांगायचं तर काशीनरेशाने ऑक्सफर्डशरमध्ये भंडारा घातला.

हे ऐकून पाहुण्यांचे दोन तट पडतात. एक तट छाती फुगवतो, बघा, आपण गोऱ्यांना पाणी पाजलं. दुसरा तट आमच्या दाजींचा. "सत्तावन साली हा राजा कुणाच्या बाजूने होता ते सांग आधी." इंग्रजांच्या बाजूने होता, हे खरंच. राणी लक्ष्मीबाईंचा जन्म ज्या बनारसचा, तिथल्या राजाने त्या वर्षी कंपनीला साथ दिली. १८६०-६१ मध्ये गंगा-यमुनेच्या वरच्या दोआबात माणसं उपासमारीने मरत होती आणि त्याच सुमाराला या दानाचा विचार सुरू झाला. ती पाव-साखर वाटली गेली तेव्हा दख्खनमधला १८७६-७८चा दुष्काळ संपून चारच वर्षं झाली होती. दाजींचं म्हणणं मी खोडत नाही. राजनिष्ठा दाखवायची ही सोय होतीच. मुहूर्त बघितले तरी कळतं. पण गावातल्या बाईला ते पाणी राजनिष्ठेचं म्हणून कमी गोड लागलं नसणार, एवढंच मी म्हणतो. यावर आमचं प्रत्येक वेळी परतीच्या रस्त्यावर भांडण होतं, हेन्लीच्या पुलापर्यंत पुरतं.

सत्तरेक वर्षं गावाने हे पाणी ओढलं. मग नळ आले. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ भारतात आल्या तेव्हा तेव्हाच्या काशीनरेशांनी त्यांना या विहिरीची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. १९६४ मध्ये शताब्दीला प्रिन्स फिलिप स्टोक रोला आले आणि बनारसहून आणलेलं गंगाजल विहिरीच्या पाण्यात मिसळलं.

मावशीला गंगाजलाचं सांगितलं तेव्हा ती हात जोडेल असं मला वाटलं होतं. तिचं लक्ष यंत्राकडे होतं. लहानपणी तिने आडावरून पाणी शेंदलंय. उजव्या तळव्याला दोराचा घट्टा अजून आहे, दाबला तर बोटाखाली कडक लागतो. कठड्याशी उभं राहून तिने विचारलं, "एक बादली वर यायला किती वेळ?"

"दहा मिनिटं."

तिने मनातल्या मनात हिशोब केला. "सहा बायका पुढं असल्या तर तास गेला. आणि पोर रडत असलं घरी तर?" थोडं थांबून, "तो मार खाल्लेला पोरगा, विहीर झाली तेव्हा केवढा होता?"

हे मला याआधी कुणी विचारलं नव्हतं. रीड १८३१ सालीच आझमगढला होते. म्हणजे ती गोष्ट त्याआधीची धरली तर विहीर व्हायला कमीत कमी तेहेतीस वर्षं गेली. पोरगा असलाच जिवंत तर चाळिशीच्या पुढे.

"म्हणजे त्याच्या पोरांना मिळालं पाणी," मावशी म्हणाली. मग कठड्यावरचा हात काढून पदराला पुसला आणि बागेतल्या चेरी तोडू देतात का, ते विचारायला पाठवलं मला.