बुधवार, रात्रीचे आठ

आज रिक्षात बसले आणि चालकदादांच्या मोबाइलवर तो आवाज. "बहनों और भाइयों..." अमीन सायानी! अंगावर काटाच आला.

त्यांची 'बिनाका गीतमाला', म्हणजे हिंदी चित्रपटगीतांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावणारा कार्यक्रम, रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झाली. आमच्या घरी सत्तरच्या दशकात बुधवारी आठच्या आत जेवणं उरकायची. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा, मध्येच विरायचा. दादा रेडिओ खिडकीकडे वळवून धरायचा, मी वहीत एकेका पायदानावरचं गाणं लिहायचे. आणि पहिल्या नंबरच्या आधीचं ते बिगुल! श्वास रोखलेला असायचा.

२० फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, तेव्हा दादाचा फोन आला होता. दोघंही फारसं बोललो नाही.

आज घर आलं तरी उतरले नाही. गाणं संपेपर्यंत चालकदादाही थांबले.