आवाज गेल्यावरची पोथी

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी मी दादरला जाऊन एक पाटी विकत घेतली. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी काय?" मी "हो" म्हटलं. माझ्या मूळ आवाजातल्या शेवटच्या काही शब्दांपैकी तो एक, आणि तोही खोटा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं मी मुलांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. २०१८ ला निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, खडू-पेन्सिलीशी आपला संबंध संपला. चार वर्षांत पाटी परत हातात आली, आणि या वेळी गिरवणारा मी होतो.

दिवाळीला आवाज बसला आणि उठलाच नाही. गावाकडच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, गुळण्या दिल्या, "मास्तर आहात, घसा झिजणारच" असा दिलासाही दिला. त्यात सात महिने गेले. दोष एकट्या डॉक्टरांना देणार नाही. शाळेच्या मागच्या काजूखाली मधल्या सुट्टीत मी बिडी ओढायचो, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. शेवटी नाकातून दुर्बीण घातली, तुकडा तपासायला गेला, आणि कुडाळहून कोकणकन्येने आम्ही दोघं परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात आलो. गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत शिरली होती. नुसत्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, भागणार नव्हतं, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. पुढे श्वास कायमचा गळ्याला पाडलेल्या भोकातून. तोंड खायला, नाक फक्त चष्मा ठेवायला.

त्या आठवड्यात एक समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "मास्तर, आवाज आहे तोवर काही बोलून ठेवायचंय?" त्यांच्याकडे प्रश्नांचा एक कागद होता. आयुष्यातला कोणता काळ सगळ्यात जिवंत वाटला, कोणत्या कामाचा अभिमान वाटतो, घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं, अशा तऱ्हेचे प्रश्न. बोललेलं रेकॉर्ड करायचं, लिहून काढायचं, पेशंटला वाचून दाखवून दुरुस्त करायचं आणि घरच्यांच्या हाती द्यायचं. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव्ह यांनी ही पद्धत बसवली, २००५ साली त्यावरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कोणत्या पेशंटांसाठी?" त्या जरा थांबल्या. मूळची ती शेवटच्या टप्प्यातल्या माणसांसाठी होती. माझ्या पायाखालची फरशी सरकली. "म्हणजे मी त्यातला?" त्या घाईने नाही म्हणाल्या, "तुमचा फक्त आवाज जाणार आहे." या "फक्त"वर मी पुढे बरेच दिवस रागावून होतो.

तरी बोललो. पुतण्याच्या मोबाइलवर तीन संध्याकाळी. पहिल्या दिवशी बदल्या, पगार, बांधलेलं घर. कंटाळवाणं. मलाच जांभई आली. दुसऱ्या दिवशी गोष्टींवर आलो. पावसात व्हाळाला पाणी चढलं की मुलांना खांद्यावरून पलीकडे नेताना त्यांनी रडू नये म्हणून सांगितलेल्या गोष्टी. तिथे माझा घोगरा आवाजसुद्धा उड्या मारायला लागला.

तिसऱ्या दिवशी जे बोललो ते बोलायचं ठरवलं नव्हतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वाचताना अडखळायचा. मी त्याला रोज उभा करून मोठ्याने वाचायला लावायचो. मुलं हसायची. मला वाटायचं, लाज गेली की जीभ सुटेल. एका पावसाळ्यात तो शाळेत यायचा बंद झाला. मी दोनदा घरी गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. एवढंच.

हे ऐकून एक नातेवाईक म्हणाला, केल्या कर्माचं फळ. हा हिशोब फारच नीट जुळतो, म्हणूनच मला तो पटत नाही. घसा बिडीने गेला. त्या मुलाचं देणं वेगळं, ते गाठीत फिटत नाही.

ऑपरेशन झालं. सकाळी नेलं ते संध्याकाळी जाग आली. नाकातून नळी, गळ्याला नळी, दर थोड्या वेळाने सक्शन. खोकला आला की तोंडावर हात नेऊन उपयोग नाही, तो गळ्यातून येतो, हे शिकायलाच दोन दिवस लागले. वास गेला, कारण हवा नाकातून जातच नाही. ही तळलेला बांगडा समोर ठेवते तेव्हा आता मला फक्त आवाज येतो, चर्र.

पाटीचं सांगतो. पाटी हे फार तोकडं साधन आहे. 'पाणी', 'उशी वर', 'नर्सला बोलवा' एवढं तिच्यावर होतं. चौथा शब्द लिहीपर्यंत समोरचा आधीचे तीन वाचून भलतंच उत्तर देतो. शिवाय पुसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाटीवर मागणी लिहिता येते, गोष्ट नाही. आणि ज्याला दिवसभर नुसत्या मागण्याच करायच्या असतात तो माणूस स्वतःलाही ओझं वाटायला लागतो. भेटायला येणारे "पॉझिटिव्ह राहा" म्हणून जात. पाटीवर त्यांना काय उत्तर द्यावं हे मला सुचत असे, पण ही पुसून टाकत असे.

नळी निघाल्यावर आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आलो, कारण पुढे शेक होता. तिथे देशभरातले पेशंट, त्यांची माणसं, आणि त्यांच्याबरोबर आलेली पोरं. एका दुपारी वेळ जाईना म्हणून मी बिलाच्या मागे वाघ काढला. हिने वाकून बघितलं.

"अवो, ह्यो वाघ की मांजर?"

शेजारच्या बिहारी कुटुंबातली एक मुलगी येऊन बसली. तिला वाघ पटला. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "फिर?" मी दुसरा कागद घेतला. वाघापुढे व्हाळ काढला. "फिर?" व्हाळात मास्तर, खांद्यावर दोन पोरं. "फिर?"

त्या "फिर"ने मला पिंगुळीची आठवण झाली. कुडाळपासून हाकेच्या अंतरावरचं गाव. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आम्ही लहानपणापासून बघितलेली. चित्रांच्या कागदांचा गठ्ठा, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र उभं धरायचं आणि वीणा, हुडूक, टाळाच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा सांगत पुढे जायचं. माणसं बाजूने दिसणारी, डोळे मात्र हे एवढे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, २०२१ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची सहल मी तिथे नेलेली आहे. कुठल्या मुलाने चित्राला हात लावला म्हणून मीच ओरडलो होतो.

आपल्याला ती कला येते असा माझा मुळीच दावा नाही. मी फक्त एक गोष्ट उचलली. चित्र एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं असू शकतं.

तोंड म्हणून उरली ही. ४० वर्षांत हिने कधी गोष्ट सांगितलेली मला आठवत नाही. भिडस्त. पण पोरं जमली, मी चित्र वर धरलं आणि हिला कोपराने ढोसलं. चित्र होतं देवचाराचं. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री गावाची सीम राखत फिरणारा. हिने हिंदीत सुरुवात केली, "ये हमारा वॉचमन है. रात को बहुत चलता है, चप्पल घिसता है, तो लोग इसको नया चप्पल देते."

एका मुलाने विचारलं, "कितने नंबर का?"

ही म्हणाली, "बारा."

माझ्या गोष्टीत बारा नंबर नव्हता. मी पाटी आपटली. हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे माझ्या गोष्टीत देवचार मास्तरला वाटेत गाठून घरापर्यंत पोचवतो. हिच्या गोष्टीत देवचार मास्तरला म्हणाला, बिडी टाक आधी, मग सोबत येतो. पोरं हसली, मागे बसलेल्या बाया हसल्या, आणि मीही हसलो. स्वरयंत्राशिवाय हसलं की गळ्यातून नुसती हवेची फुसफुस येते. पोरांना ती देवचारापेक्षा जास्त आवडली. रात्री मी पाटीवर लिहिलं, 'गोष्ट बदललीस.' ही म्हणाली, "गजाल तुमची, पण सांगतलंय मी."

शेक ३० दिवसांचा, आठवड्यातले पाच दिवस. आधी मोल्ड रूममध्ये गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क करतात. तो थंड झाला की कडक होतो आणि रोज त्याखाली तुम्हाला टेबलाला जखडतात. पहिल्या दिवशी मी घाबरून हात हलवले, मशीन थांबवावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून आत पडल्या पडल्या पुढचं पान ठरवायला लागलो. दिवसाला एक पान, ३० दिवसांची पोथी. पहिलं गणपतीचं, रीतीप्रमाणे. तिसऱ्या आठवड्यात गळ्याची कातडी भाजून निघाली, लाळ आटली, गिळताना काच जातेय असं वाटायचं. चित्र काढून त्यातलं काहीही कमी झालं नाही, हे स्पष्ट लिहितो, कारण तसं सांगणारी माणसं असतात. दोन पानं तर नुसती काळी आहेत. मी त्या दिवशी पोस्टर कलरची बाटली ओतली आणि झोपलो. ही ती पानंसुद्धा वर धरते आणि म्हणते, "ह्या दिवशी रात होती."

सगळ्यात जास्त वेळ लागला सतराव्या पानाला. उत्तर प्रदेशातला एक माणूस होता, जबड्याचं ऑपरेशन झालेलं, त्यालाही बोलता येत नव्हतं. त्याने खुणेने विचारलं, माझी म्हैस काढशील का? मी काढली. त्याने मान हलवली, शिंगं चुकली. मी पुसून आमच्या कोकणातल्या म्हशीसारखी मागे वळवली. तो चिडला. दोन्ही हात कानांजवळ नेऊन बोटं गोल गोल फिरवली, अगदी जिलबीसारखी. मी मान हलवली, अशी म्हैस नसते. दोन मुके म्हातारे शिंगांवरून इतके भांडले की बायकांनी येऊन सोडवलं. शेवटी त्याच्या मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला. मुऱ्हा म्हैस, शिंगं खरोखर जिलबी. मी कान धरले. तो गावी गेला तेव्हा रंग वाळायचा होता, म्हणून त्याच्यासाठी दुसरं काढून पोस्टाने पाठवलं. पोचलं का ते कळलं नाही.

समुपदेशक बाई मध्ये येऊन गेल्या. पोथी बघून त्या व्हिक्टर फ्रँकल यांच्याबद्दल बोलल्या. नाझी छळछावण्यांतून वाचलेले ते मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या विचारांवर न्यूयॉर्कच्या विल्यम ब्राइटबार्ट यांनी कॅन्सरच्या पेशंटांसाठी उपचाराच्या बैठका बसवल्या आहेत. फ्रँकल म्हणत, माणसाला अर्थ तीन वाटांनी सापडतो: काही घडवून, कुणावर किंवा कशावर जीव लावून, आणि जे टळत नाही त्याला कसं तोंड द्यायचं ते स्वतः ठरवून. मी पाटीवर लिहिलं, 'तिसऱ्यात नापास.' त्या हसल्या. पण खरंच होतं. धीराने सोसणं मला जमलं नाही, मी कुरकुरत सोसलं. मला उठवून बसवलं ते पहिल्या वाटेने, आणि तेही अर्थ शोधायचा म्हणून नव्हे. पाच वाजता पोरं येतात आणि पान तयार नसेल तर शिव्या बसतात, म्हणून.

तिसावा शेक झाल्यावर मास्क घरी दिला. त्याचा मी दशावतारातला संकासुर केला, काळा. वेद चोरणारा. तो आता पडवीत टांगलेला आहे आणि नातू त्याला घाबरत नाही.

तीन-चार महिन्यांनी श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्या मध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवला. गळ्याच्या भोकावर अंगठा दाबायचा की हवा व्हॉल्व्हमधून वर जाते आणि शब्द फुटतात. बाहेरून येणारे व्हॉल्व्ह हजारोंच्या घरात जातात आणि ते बदलावेही लागतात. बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी ५० रुपयांच्या आसपासचा व्हॉल्व्ह तयार केला, ही बातमी मी कापून ठेवली आहे. आवाज म्हणाल तर पत्र्यावर काथ्या घासावा तसा. मी तो घरात वापरतो. बाहेर पाटी.

यंदा शाळेने पोथी दाखवायला बोलावलं. माझीच शाळा, पण आता पट २३. ही आता सराईत झाली आहे, पदर खोचून उभी राहते. देवचार झाला, वाघ झाला, म्हैस झाली. सव्विसावं पान आलं. त्यावर एक मुलगा उभा आहे, हातात पुस्तक, आणि बाकीची सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली, डोळे हे एवढे. धर्मशाळेत ही हे पान नुसतं पुढे सरकवायची. इथेही तिने सरकवायला घेतलं. मी तिचा हात धरला.

अंगठा गळ्याला लावला आणि म्हटलं, "हा मुलगा माझ्या वर्गात होता. चूक माझी होती."

वर्गात कुणी हललं नाही. मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली.

"मास्तरांनु, परत सांगा. माका आयकाक येवक नाय."

मी पुन्हा अंगठा लावला.