आंबोली ते वाळपई, रेडिओच्या मागावर

आंबोलीत बहुतेक गाड्या धबधब्यापाशी थांबतात, मला मात्र तिथलं जंगल बघायचं होतं. 1955 च्या नोव्हेंबरात ह्याच झाडीतून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हा भूमिगत रेडिओ सुरू झाला, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो तो चालवायचे, कोंकणी आणि पोर्तुगीजमधून, पुढं कॅसलरॉकचं जंगल, मग बेळगाव असं करत थेट 1961 पर्यंत. गोव्यात तेव्हा पेपरांवर सेन्सॉर होता, त्यामुळे ह्या आवाजाची किंमत किती असेल विचार करा. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाल्याचं ह्याच दोघांनी विमानातून लाऊडस्पीकरवर सांगितलं, वाचताना अंगावर काटा येतो. लिबियाताईंना पद्मश्री जाहीर झाली 2025 मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर!

घाट उतरून सावंतवाडी, बांदा, मग गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी. हुतात्मा स्मारकापाशी थांबाच, 15 ऑगस्ट 1955 ला इथं सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि तीनेक महिन्यांत तो रेडिओ बोलायला लागला. पणजीत फार रेंगाळलो नाही, साखळीमार्गे सरळ सत्तरी तालुक्यातलं वाळपई.

सत्तरीत शिमग्याला रणमालं हे लोकनाट्य रंगतं, पौषात मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या अंगणात, बायकांचे धालो (गाणी आणि नाच) असतात, आणि त्याच गावांत पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन कितीतरी जणांच्या नावावर नाही. सत्तरीतल्याच मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून बायका पुढं होऊन उभ्या राहिल्या तेव्हा 2021 च्या सुरुवातीला सरकारनं तो प्रकल्प तिथून हलवायचं जाहीर केलं. आंदोलन पेटलं की कॅमेरे येतात, एरवी ह्या गावांचं कोण ऐकतं?

म्हणून मला मनापासून वाटतं, अशा तालुक्याला स्वतःचा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे गावातल्यांनीच चालवलेलं छोटं रेडिओ स्टेशन, हवाच. ट्रान्समीटर 100 वॅटचा, 10-15 किलोमीटर ऐकू जातं (डोंगर आडवे आले की कमी, आणि सत्तरीत ते येणारच), 2006 च्या धोरणापासून गावातल्या संस्थाही लायसन मागू शकतात. तेलंगणात माचनूरला दलित बायकांनी 2008 मध्ये संघम रेडिओ सुरू करून दाखवला. एक नियम मात्र फार खुपतो, ह्या स्टेशनांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावायच्या, म्हणजे गावातल्या जमिनीच्या दाव्याचं काय झालं हे गावच्याच बाईनं बातमी म्हणून सांगायचं नाही. परक्या सत्तेला चुकवून बातम्या पोचवलेल्या ह्या मुलखात तरी हे पटत नाही.

वाळपईत भाजीपाव खाताना शेजारी एक आजी बसची वाट बघत होत्या, त्यांना विचारलं, तुमच्या गावचा रेडिओ असता तर त्यावर काय लावलं असतं? मला वाटलं धालो म्हणतील. "पयलो बशीचो टायम सांगपाचो पुता, मागीर जमनीचे कागद खंय दिवपाचे तें. धालो आमी रातभर गायतात, ते घाल मागीर." (मागीर म्हणजे नंतर, खंय दिवपाचे म्हणजे कुठे द्यायचे.) बस काही वेळेवर आली नाही, त्यामुळे मला पुढं तासभर जमिनीची सगळी हकीकत ऐकायला मिळाली, आणि पौषात धालोंना यायचं आमंत्रणही.